सक्तीची शिक्षा नेमकी कोण ठरवतं? न्यूयॉर्क १९२६, न्यूयॉर्क १९७३

अमेरिकेतल्या शिक्षेच्या कायद्यांचा इतिहास हा माझा संशोधनाचा विषय. हे सांगितलं की समोरून बहुतेक वेळा एक वाक्य ऐकायला मिळतं: "आपल्याकडेही असेच कायदे हवेत. न्यायाधीशाला सूट द्यायचा अधिकारच नको." हे वाक्य वेडगळ नाही. त्यामागचा तर्क सरळ आहे. एक न्यायाधीश मवाळ असतो, दुसरा कडक असतो, तिसऱ्याला आरोपीच्या वकिलाचं वक्तृत्व आवडतं. मग कायद्यातच लिहून टाका की इतका माल सापडला तर इतकी वर्षं आणि चौथ्यांदा दोषी ठरला तर जन्मठेप. सगळ्यांना सारखा न्याय आणि गुन्हेगाराला आधीच इशारा. झालं काम!

आजचा लेख या तर्काचं प्रत्यक्षात काय झालं याबद्दल आहे. अमेरिकेने हा प्रयोग एकदा नाही, अनेकदा केला. त्यातले दोन न्यूयॉर्क राज्यातले, मध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर ठेवून. दोन्ही वेळा एकच गोष्ट घडली, म्हणून ती जरा सावकाश बघू.

आधी तीन गोष्टी समजून घ्या, नाहीतर पुढे गोंधळ होईल. अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग असतात: मोठे गुन्हे म्हणजे 'फेलनी' आणि किरकोळ गुन्हे म्हणजे 'मिसडिमिनर'. फेलनीला साधारणपणे एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते. दुसरं, तिथला मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, बहुतेक ठिकाणी निवडणूक लढवून त्या पदावर येतो. आरोप कोणता ठेवायचा, ठेवायचा की नाही, हे तो ठरवतो. आणि तिसरं, तिथले बहुतेक खटले चालतच नाहीत. आरोपी गुन्हा कबूल करतो, बदल्यात सरकारी वकील आरोप हलका करतो. याला 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. आपण सिनेमात बघतो ते ज्युरीसमोरचं भाषण हा तिथला अपवाद आहे.

आता १९२६. दारूबंदीचा काळ, टोळ्यांची चलती, वर्तमानपत्रं रोज दरोड्यांनी भरलेली. न्यूयॉर्कमधले सिनेटर केलेब बॉम्स यांनी पुढाकार घेऊन एक कायदा करून घेतला, तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. चौथ्या फेलनीत दोषी ठरलेल्याला जन्मठेप. 'देता येईल' असं नाही, द्यायचीच. चौथा गुन्हा खुनाचा असो की चोरीचा, न्यायाधीशाला विचार करायचा अधिकार नाही. आधीच्या शिक्षा नंतर उघडकीला आल्या तरी आरोपीला परत कोर्टात उभं करून शिक्षा वाढवायची, अशीही सोय होती.

कायदा गाजला. इतर राज्यांनी त्याच्या नकला केल्या. मिशिगनने केली, आणि तिथे १९२८ च्या अखेरीस लॅन्सिंग शहरातल्या एका लेकुरवाळ्या बाईला जन्मठेप झाली. गुन्हा काय, तर थोडीशी जिन. दारूबंदी कायद्याखाली ती चौथ्यांदा सापडली होती. देशभर गदारोळ झाला आणि मिशिगनला आपला कायदा सौम्य करावा लागला. न्यूयॉर्कमध्ये १९२९ साली क्लिंटन आणि ऑबर्न इथल्या तुरुंगांत दंगे झाले. तुरुंगातली गर्दी हे एक कारण होतंच, पण सुटकेची आशाच नसलेले कैदी आत वाढत चालले आहेत, हेही लोकांनी तेव्हाच बोलून दाखवलं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कने सक्तीच्या जन्मठेपेऐवजी 'किमान पंधरा वर्षं, कमाल जन्मठेप' अशी दुरुस्ती केली.

ही झाली गाजलेली बाजू. मला जास्त महत्त्वाची वाटते ती शांतपणे घडलेली गोष्ट. समजा, तुमच्यावर आधीच्या तीन फेलनी आहेत आणि तुम्ही चौथ्यांदा पकडले गेलात. खटला हरलात तर जन्मठेप. मग तुम्ही फेलनीची कबुली कशाला द्याल? खटला लढवाल, कारण गमावण्यासारखं काही उरलेलंच नाही. सरकारी वकिलाकडे खटल्यांचा ढीग, सगळे लढवणं अशक्य. म्हणून तो म्हणतो, चोरी किरकोळ स्वरूपाची होती असं मान्य करू, तू मिसडिमिनर कबूल कर. मिसडिमिनर बॉम्स कायद्यात मोजला जात नाही. न्यायाधीश समोर बसलेला असतो, पण त्याच्यापुढे जे येतं ते आधीच ठरलेलं असतं. १९२८ साली रेमंड मोली (हेच पुढे रूझवेल्ट यांचे सल्लागार झाले) यांनी ज्युरी कशी गायब होत चालली आहे यावर लेख लिहिला. फेलनीच्या खटल्यांचा निकाल कोर्टात नाही, तर वकिलांच्या वाटाघाटीत लागतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं होतं. म्हणजे हे गुपित नव्हतं. ज्याला वाचायचं होतं त्याच्यासाठी छापील उपलब्ध होतं.

मधली चाळीस वर्षं भराभर बघू. १९५१ मध्ये लुइझियानाचे हेल बॉग्ज यांच्या नावाचा केंद्रीय कायदा आला: अंमली पदार्थांच्या पहिल्या गुन्ह्याला किमान दोन वर्षं, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला दहा. १९५६ मध्ये ते आणखी कडक झालं. अल्पवयीन मुलाला हेरॉइन विकलं तर मृत्युदंडापर्यंत मजल गेली. साठच्या दशकात अंमली पदार्थांचा वापर काही कमी झाला नाही, उलट वाढला. १९७० मध्ये अमेरिकन काँग्रेसने यातल्या जवळजवळ सगळ्या सक्तीच्या किमान शिक्षा काढून टाकल्या. निक्सन यांनी त्यावर सही केली, आणि सभागृहात त्या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांत टेक्ससचे एक तरुण सदस्य होते, जॉर्ज बुश (थोरले). सक्ती सोडली तर शिक्षा जास्त योग्य होतील आणि जास्त वेळा होतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हे बुश यांचं मत होतं, कुणा डाव्या प्राध्यापकाचं नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणि तीनच वर्षांत न्यूयॉर्क.

नेल्सन रॉकफेलर तेव्हा चौथ्यांदा गव्हर्नर झालेले होते. रिपब्लिकन, पण उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे. व्यसनींसाठी त्यांनी साठच्या दशकात उपचाराची मोठी योजना राबवली होती. सक्तीने का होईना, पण तुरुंगाऐवजी उपचारकेंद्रात पाठवायचं, अशी. पैसा भरपूर खर्च झाला, हेरॉइन काही हटलं नाही. ३ जानेवारी १९७३ रोजी ऑल्बनीला विधिमंडळापुढे केलेल्या वार्षिक भाषणात त्यांनी एकदम पलटी मारली. जहाल अंमली पदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला जन्मठेप. पॅरोल नाही, प्ली बार्गेनिंग नाही. खबर देणाऱ्याला हजार डॉलर बक्षीस.

रॉकफेलर यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं, म्हणून त्यांनी उजवीकडच्या मतदारांना खूश केलं, असं सर्रास लिहिलं जातं. ते खोटं नाही. पण तेवढंच सांगितलं तर इतिहास अर्धा राहतो. हार्लेममधले कृष्णवर्णीय रहिवासी, चर्चमधले धर्मगुरू, दुकानदार, इमारतींच्या रहिवासी समित्या कितीतरी वर्षं ओरडून सांगत होत्या की आमच्या जिन्यांत, आमच्या मुलांच्या शाळांबाहेर हेरॉइन विकलं जातंय आणि पोलिसांना पडलेली नाही. रेव्हरंड ओबेरिया डेम्प्सी हे त्यातलं ठळक नाव. त्यांनी या कायद्याला उघड पाठिंबा दिला. राज्यशास्त्राचे अभ्यासक मायकेल जेवन फोर्टनर यांनी २०१५ मध्ये यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं आणि त्यावर बराच वाद झाला. हार्लेममध्ये या मागणीच्या जोडीने नोकऱ्या, घरं, उपचार यांचीही मागणी होतीच, आणि त्यातली फक्त तुरुंगाची तेवढी ऐकली गेली, असं टीकाकारांचं म्हणणं. मला टीकाकारांचं म्हणणं जास्त पटतं. पण त्या लोकांचा त्रास खरा होता, त्यांना कुणी फसवून रांगेत उभं केलेलं नव्हतं, हे फोर्टनर यांचं म्हणणंही सोडून देता येत नाही.

गंमत म्हणजे विरोध कुणी केला बघा. न्यूयॉर्क शहराचे महापौर जॉन लिंडसे यांनी. मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी फ्रँक होगन यांनी, जे काही मवाळ म्हणून प्रसिद्ध नव्हते. ज्यांना हा कायदा रोज वापरायचा होता त्यांना तो नको होता. खटले तुंबतील, असं ते सांगत होते.

८ मे १९७३ ला कायद्यावर सही झाली, १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. मूळ घोषणेपेक्षा थोडा सौम्य, तरी भयानकच. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम हेरॉइन विकलं, किंवा दोन औंस जवळ सापडलं, तर किमान १५ ते २५ वर्षं आणि कमाल जन्मठेप. खुनाच्या पंक्तीला नेऊन बसवलेली शिक्षा. याहून थोडं विकलं तरी वरची मर्यादा जन्मठेपच. शिवाय त्याच वर्षी दुसरा नियम आला की कुठल्याही प्रकारच्या दुसऱ्या फेलनीला तुरुंग सक्तीचा.

आता महत्त्वाचा मुद्दा. १९२६ च्या कायद्याला पडलेलं भोक या वेळी बुजवायचा प्रयत्न झाला. सर्वात वरच्या वर्गातला आरोप ठेवला गेला की त्या वर्गाखाली तडजोड करता येणार नाही, असं कलमच घातलं. खटले तुंबणार हे मान्य करून राज्यभर ४९ नवे न्यायाधीश नेमले. म्हणजे हा कायदा अर्धवट राबवला गेला असं कुणी म्हणू शकणार नाही. पैसा, माणसं, इच्छा, सगळं होतं.

मग न्यूयॉर्क शहराची वकील संघटना आणि ड्रग अब्यूज कौन्सिल यांनी मिळून एक समिती नेमली. तिचा अहवाल सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आला. माझ्या मते शिक्षेच्या कायद्यांवर झालेल्या सगळ्या अभ्यासांत तो सर्वात उपयोगी आहे, कारण त्याने आरोपींचा अटकेपासून तुरुंगापर्यंत प्रत्येक पायरीवर पाठपुरावा केला. आकडे ढोबळ करून सांगते.

१९७२, म्हणजे नव्या कायद्याच्या आधी: अंमली पदार्थांच्या फेलनीखाली पकडलेल्या १०० जणांपैकी ३९ जणांवर रीतसर आरोप ठेवले जात. त्यातले ३४ दोषी ठरत. त्या ३४ पैकी तिसरा हिस्सा कैदेत जाई. म्हणजे साधारण ११.

१९७६, नव्या कायद्यानंतर: १०० पैकी आरोप ठेवले गेले २५ जणांवर. दोषी ठरले २०. त्या २० पैकी कैदेत गेले निम्म्याहून जास्त, ५५ टक्के. म्हणजे परत ११.

पुन्हा वाचा. शेवटची पायरी, जिथे न्यायाधीश बसतो, तिथे शिक्षा खरंच कडक झाली. एक तृतीयांशावरून अर्ध्याच्या पुढे गेली. पण आधीच्या पायऱ्यांवर गाळणी तितकीच घट्ट झाली. आरोप ठेवल्यानंतर तडजोडीला बंदी होती ना? मग आरोप ठेवण्याच्या आधीच कलम हलकं केलं गेलं, किंवा प्रकरण सोडून दिलं गेलं. शेवटी आकडा तोच! आणि वाटेत काय झालं, तर खटला निकाली निघायला जिथे सरासरी १७२ दिवस लागत तिथे ३५१ लागायला लागले, कारण खटला लढवणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी वाढलं. १९७६ च्या मध्याला शहरात हेरॉइन पूर्वीइतकंच सहज मिळत होतं, हाही त्याच अहवालातला निष्कर्ष.

तुम्ही म्हणाल, अकरा आधी आणि अकरा नंतर, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते 'कोणते अकरा' यात. न्यायाधीश शिक्षा सुनावतो ती भर कोर्टात, कारणं देऊन, आणि त्यावर अपील होतं. आरोप हलका करायचा की नाही हे सरकारी वकिलाच्या ऑफिसात ठरतं. तिथे कारण लिहून ठेवायची सक्ती नाही आणि वर दाद मागायला जागाही नाही. शिवाय १९७३ च्या कायद्यात एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती: पोलिसांना मदत केली आणि सरकारी वकिलाने शिफारस केली, तर सर्वात खालच्या जन्मठेपेच्या गटातल्या आरोपीला तुरुंगाऐवजी आयुष्यभराच्या देखरेखीवर सोडता येई. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण मदत करायची तर नावं माहीत हवीत. धंद्यात मुरलेल्याकडे विकायला नावं असतात. पन्नास डॉलरसाठी पुडकं इथून तिथे नेणाऱ्या माणसाकडे काय असणार?

१९७९ मध्ये वजनाच्या मर्यादा वाढवल्या गेल्या आणि तो खालचा गट रद्द झाला. रॉकफेलर तोवर उपराष्ट्राध्यक्षपद भोगून निवृत्तही झाले होते, आणि त्याच वर्षी वारले. कायदा मात्र त्यांच्या नावाने टिकला, आणि ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेन आल्यावर पोलिसांनी रस्त्यावरच्या विक्रेत्यांची घाऊक धरपकड सुरू केली, तेव्हा त्याने खरे दात दाखवले. आता गाळणीच्या तोंडाशीच लोंढा होता. १९७३ ला न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगांत तेरा हजारांच्या आसपास कैदी होते, १९९९ ला सत्तर हजारांच्या वर. अंमली पदार्थांखालचे बहुतांश कैदी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. हार्लेमच्या ज्या जिन्यांसाठी कायदा मागितला गेला, त्याच जिन्यांवरची पोरं. सक्तीच्या किमान शिक्षा बऱ्याच अंशी हटवायला २००९ साल उजाडावं लागलं.

केंद्र सरकारनेही १९७० चा शहाणपणा फार काळ टिकवला नाही. जून १९८६ मध्ये लेन बायस हा बास्केटबॉलपटू कोकेनने मेला. बोस्टनच्या संघाने त्याची निवड करून दोनच दिवस झाले होते. निवडणुका तोंडावर होत्या, ऑक्टोबरमध्ये कायदा तयार. पाच ग्रॅम क्रॅकला पाच वर्षं, पण तेवढ्याच शिक्षेसाठी साधं कोकेन लागायचं पाचशे ग्रॅम. क्रॅक गरीब वस्त्यांत विकलं जायचं हे सगळ्यांना माहीत होतं. हे शंभरास एक प्रमाण २०१० मध्ये अठरास एकवर आलं. सारखं का केलं नाही, विचारू नका.

कॅलिफोर्नियाचा १९९४ चा 'थ्री स्ट्राइक्स' कायदा तुम्ही ऐकला असेल. आधीचे दोन गुन्हे गंभीर किंवा हिंसक असतील, तर तिसरी कुठलीही फेलनी चालेल, २५ वर्षं ते जन्मठेप. तीन गोल्फ-काठ्या चोरणाऱ्याला २५ वर्षं ते जन्मठेप झाली, सुमारे दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्याला ५० वर्षं ते जन्मठेप, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायम ठेवल्या. या किश्श्यांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी इथे एकच गोष्ट सांगते. एकच राज्य, एकच कायदा, पण सॅन फ्रान्सिस्कोचा डिस्ट्रिक्ट अॅटर्नी तो क्वचित वापरायचा, आणि दक्षिणेकडच्या सॅन डिएगोत तो सर्रास लागायचा. लॉस एंजेलिसमध्ये २००० साली निवडणुकीत डिस्ट्रिक्ट अॅटर्नी बदलला आणि किरकोळ तिसऱ्या गुन्ह्यांना हा कायदा लावायचं धोरणच बदललं. कायद्याचं एक अक्षर न बदलता! सगळ्यांना सारखी शिक्षा म्हणून जो आणला, त्यात तुम्ही कुठल्या काउंटीत पकडले जाता यावर जन्मठेप ठरू लागली. गुन्हे त्या काळात कमी झाले, हे खरं. पण ते सॅन फ्रान्सिस्कोतही कमी झाले आणि असा कायदा नसलेल्या राज्यांतही. २०१२ मध्ये मतदारांनीच तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसक हवा अशी दुरुस्ती केली.

आता सुरुवातीच्या वाक्यातलं "आपल्याकडेही हवेत". आपल्याकडे आहेत. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात मोठ्या गुन्ह्यांना दहा वर्षांची किमान शिक्षा पहिल्यापासून आहे. १९८९ मध्ये त्यात कलम ३१-अ घातलं गेलं: ठरावीक प्रमाणातल्या मालासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरला तर मृत्युदंड, आणि तोही सक्तीचा. खरं तर त्याआधी १९८३ मध्येच, मिठू खटल्यात, मुख्य न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ रद्द केलं होतं. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशी द्यायचीच, असं ते कलम. न्यायाधीशाला परिस्थिती बघूच न देणारी फाशी घटनेत बसत नाही, असा तो निकाल. तो ताजा असताना सहा वर्षांत ३१-अ आलं, हे मला अजूनही आश्चर्याचं वाटतं. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये चरसच्या एका प्रकरणात ते वापरून फाशी सुनावली. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, न्या. खानविलकर आणि न्या. भंगाळे यांनी, ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. कलम मोडीत काढलं नाही, 'दिलीच पाहिजे' हे 'देता येईल' असं वाचायचं ठरवलं. २०१४ मध्ये संसदेने तशी दुरुस्ती केली.

दहा वर्षांची किमान शिक्षा मात्र जागेवर आहे. २००१ पासून ती वजनावर ठरते: हेरॉइन २५० ग्रॅम झालं, चरस किलोभर झालं की तो 'व्यावसायिक' साठा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वजन करताना त्यात मिसळलेली भेसळही धरायची. आपल्याकडचा सरकारी वकील अमेरिकेतल्यासारखा बलवान नाही, त्यामुळे शिक्षा खऱ्या अर्थाने ठरते ती त्याच्याही बरीच आधी, पंचनाम्याच्या वेळी, पोलिसांच्या वजनकाट्यावर.